सोलापुरात वर्गमित्रांबरोबर शॉर्टफिल्म : यंत्रमागाची शेड, मेचं ऊन आणि आवाजाचा घोळ

जुळेकर
वर्गातल्या सात जणांची दहा मिनिटांची शॉर्टफिल्म करायची आहे. सामान असं : दोन फोन (एकात ४के चांगलं निघतं), एक ट्रायपॉड, कॉलरला लावायचा एक वायरचा माइक. कॅमेरा भाड्याने घ्यावा की नाही यावर वर्गात दोन तट आहेत.

गोष्ट थोडक्यात : अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका यंत्रमागाच्या शेडमध्ये बाप माग चालवतो. मुलगी तिथे येऊन सांगते की तिला शिकायला पुण्याला जायचंय. पुढचे प्रसंग घरात, मग कंबर तलावाच्या काठावर आणि शेवटचा भुईकोट किल्ल्यात. शेडच्या मालकांनी तोंडी होकार दिला आहे. पटकथा १४ पानांची. परीक्षा संपल्यावर मेमध्ये शूट.

कुठे अडेल ते सांगा. कौतुक नको, चुका काढा.

पार्कचौक
पहिली चूक पानांतच आहे. पटकथेच्या रूढ मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. दहा मिनिटं हवी असतील तर आठ-नऊ पानांवर या. शूटनंतर कापू म्हणाल, तर जे कापणार ते चित्रित करण्यात एक अख्खा दिवस घालवाल.

दुसरं, चार लोकेशन जास्त होतात. दहा मिनिटांच्या फिल्मला ८० ते १०० शॉट लागतात. नवखी टीम एका जागी दिवसाला २० शॉट नीट करते, तेही शॉटयादी आधी लिहिलेली असेल तर. जागा बदलली की सामान आवरणं, रिक्षा, पुन्हा मांडामांड यात दीड-दोन तास गेले समजा. म्हणजे पाच दिवस धरा, त्यातला एक राखीव.

किल्ला काढून टाका. भुईकोट किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू आहे. हौसेचे फोटो वेगळे आणि ट्रायपॉड, नट, माइक घेऊन केलेलं चित्रीकरण वेगळं. त्याला खात्याची लेखी परवानगी लागते, फी लागते आणि वेळ लागतो. ‘कॉलेजचं काम आहे’ म्हणून गेटवर सोडतील या भरवशावर शेवटचा प्रसंग ठेवू नका. तसंही, बापलेकीच्या गोष्टीला किल्ला कशाला लागतो? दिसायला भारी म्हणून घातलाय असं वाटतं.

तलावाच्या काठासाठी महापालिकेकडे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज द्या. तारीख, वेळ, माणसं किती, सामान काय, वाहनं किती आणि रस्ता अडवणार नाही हे वाक्य त्यात असू द्या. पोच घेतलेली प्रत शूटवर खिशात हवी. रेल्वे स्टेशनवर ‘एकच शॉट’ घ्यायचा मोह होईल. तिथे रेल्वेची वेगळी परवानगी लागते, तेव्हा मुलगी पुण्याला निघाली हे घराच्या दारातल्या बॅगेवरूनही कळतं.

शेडमालकांचा होकारही कागदावर घ्या. चार ओळी आणि सही पुरे.

धोटा_कांडी
शेडबद्दल लिहितो, कारण तुमची फिल्म तिथेच उभी राहील नाहीतर तिथेच बसेल.

आधी पैशाची गोष्ट. माग चालवणाऱ्याची मजुरी बहुतेक ठिकाणी नगावर असते. ‘दोन मिनिटं माग बंद करा ना’ असं तुम्ही दहा वेळा म्हणालात की त्याचा रोज बुडतो. शिवाय माग मध्येच थांबवून पुन्हा चालू केला की कापडावर आडवा पट्टा पडायची भीती असते आणि त्या नगाचं बोलणं त्यालाच खावं लागतं. म्हणून शूटचे दोन भाग पाडा. माग चालू असतानाचे सगळे शॉट कामाच्या दिवशी, कुणाला न थांबवता. संवादाचे सगळे शॉट आठवडी सुट्टीच्या दिवशी, शेड शांत असताना. कुणाला थांबवणारच असाल तर भरपाई आधी ठरवा आणि बजेटमध्ये नटांच्या जेवणाच्या वर लिहा.

धोक्याचं : धोट्याच्या मागाच्या दोन्ही टोकांना, म्हणजे धोटा (आडवा दोरा नेणारं लाकडी साधन) ज्या रेषेत इकडून तिकडे जातो त्या रेषेत, माणूस किंवा कॅमेरा उभा करू नका. धोटा क्वचित उडतो, पण उडाला तर लाकूड आणि टोकाला लोखंड असं ते प्रकरण असतं. समोरून किंवा मागून घ्या. मुलीची ओढणी, मोकळे केस, गळ्यातली माइकची वायर, कॅमेऱ्याचा लोंबणारा पट्टा यांतलं काहीही मागाच्या पट्ट्याजवळ किंवा गिअरजवळ जाता कामा नये. कॅमेरावाल्याचा डोळा स्क्रीनवर असतो, म्हणून त्याच्या पाठीला हात लावून उभा राहणारा एक माणूस वेगळा ठेवा. त्याला दुसरं काम देऊ नका.

कापसाची धूळ हवेत तरंगत असते. उन्हाच्या तिरिपेत सुंदर दिसते आणि लेन्सवर बसली की तिथेच राहते. दर तीन-चार शॉटनी लेन्स पुसा. भाड्याचा कॅमेरा असेल तर शेडमध्ये लेन्स बदलायची नाही, बाहेर येऊन बदलायची.

ट्रायपॉडचं सांगतो. सगळे माग चालू असले की जमीन थरथरते, लांबचं जवळ आणायला झूम केलं की चित्र जेलीसारखं हलतं. टॉवेलच्या घड्या पायांखाली घाला, त्याने थोडं कमी होतं. वाइड लेन्सवर हातात धरलेला कॅमेरा इथे ट्रायपॉडपेक्षा बरा पडतो, कारण अंग ती थरथर खातं.

काय टिपायचं? दोऱ्याची कांडी संपल्यावर धोट्यात नवी बसवणारा हात. तुटलेला ताण्याचा (उभा) दोरा शोधून गाठ मारणारी बोटं. जकार्डवर (मागावरचं नक्षी विणण्याचं यंत्र) फिरणारे भोकांचे पुठ्ठे खालून वर बघत. हे चार-पाच सेकंदांचे क्लोजअप २० तरी घ्या. संकलनात कुठेही अडलात की हेच वाचवतील. आणि बापाचं काम करणाऱ्याला दोरा बांधायला एखाद्या कामगाराकडून आधी शिकवा. सोलापुरात फिल्म दाखवणार ना? अर्धं सभागृह त्याच्या बोटांकडेच बघेल.

कानसेन
आता आवाज. चालू शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. तिथे कॉलर माइक लावून संवाद रेकॉर्ड होईल ही आशा सोडा. रेकॉर्ड होईल तो नुसता ठोका, तोही फाटलेला.

वर सुट्टीच्या दिवशी संवाद घ्या म्हटलंय ते बरोबर, पण त्यात एक फट राहते. शांत शेडमध्ये नट शांतपणे बोलतात. नंतर खाली मागाचा आवाज घातला की बाप एवढ्या गोंगाटात कुजबुजतोय असं दिसतं आणि सगळं खोटं वाटतं. आवाज वाढवून हे सुटत नाही, कारण ओरडताना मान, जबडा, श्वास सगळं बदलतं. उपाय : टेकच्या आधी फोनवर मागाचा रेकॉर्ड केलेला आवाज स्पीकरवर मोठ्याने दहा सेकंद लावा, नट त्या पट्टीत बोलायला लागले की बंद करा आणि पुढचा संवाद त्याच पट्टीत घ्या. दर टेकला हेच. नाहीतर तिसऱ्या टेकपासून पट्टी घसरते.

त्याहून सोपं म्हणजे तो प्रसंगच बदला. शेडमध्ये माणसं लांबलचक वाक्यं बोलतच नाहीत. हातवारे करतात, कानाशी येऊन दोन शब्द ओरडतात. मुलगी काहीतरी सांगते, बापाला ऐकू येत नाही, तो हाताने ‘घरी बोलू’ म्हणतो, इतकंच ठेवा. मग संवाद घरात. तुमची दीड पानंही कमी होतील.

मागाचा आवाज वेगळा गोळा करा :
शेडच्या दारातून एक मिनिट, आत मधोमध एक मिनिट, सकाळी पहिला माग सुरू होतो तो एकटाच, सगळे बंद होतात तो क्षण आणि नंतरची शांतता. गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी, इतका खाली ठेवा की मीटरवर शिखर −१२ डेसिबलच्या वर जाणार नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. हे चार तुकडे असले की पडद्यावर दिसणाऱ्या मागाला हवा तसा आवाज रचता येतो.

घरातल्या प्रसंगासाठी : पंखा बंद, कूलर बंद, फ्रिजचं बटण बंद. फ्रिज बंद करणाऱ्याने स्वतःच्या गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे जाताना चालू करायला विसरत नाही. खोली मोकळी, फरशीची असेल तर आवाज घुमतो. घरोघरी सोलापुरी चादरी आहेतच. चार-पाच जाड चादरी कॅमेऱ्याच्या मागे आणि बाजूला दोरीवर टांगा, भिंतीला चिकटवून नको, चार-सहा इंच अंतर सोडून. घुमणं लक्षात येण्याइतकं उतरतं. एक खाली अंथरा, पावलांचा आवाज जातो. रस्त्यावरच्या रिक्षाचा जाड आवाज मात्र चादरीने अडत नाही. त्यासाठी आतली खोली निवडा.

माइक तोंडापासून दीड-दोन फुटांत. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने पडतो आणि खोलीचा घुमणारा आवाज तेवढाच राहतो. बूमसाठी (माइक नटांच्या डोक्यावर धरायला) महागडी काठी लागत नाही, रंगारी लोकांची रोलरची लांबणारी दांडी चालते. फक्त माइक रबरबँडवर लटकवा, नाहीतर हात सरकला की कडकड येते.

प्रत्येक जागी सगळ्यांनी गप्प उभं राहून ४० सेकंद नुसता खोलीचा आवाज घ्या. संकलकाला ते सोन्याहून प्यारं असतं.

जुळेकर
बापरे. शेडचा प्रसंग बदलतो, आणि खरं सांगायचं तर तो आता जास्त चांगला वाटतोय. किल्लाही गेला. शेवट घराच्या गच्चीवर.

प्रश्न : फोनवर सेकंदाला २४ फ्रेम ठेवू, २५ की ३०? आणि शेडमधल्या ट्यूबलाइटखाली चाचणी घेतली तर चित्रात काळे पट्टे सरकतात, ते का?

फ्रेमपंचवीस
२५. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण चक्रं बसतात आणि पट्टे जातात. फोन ऑटोवर असेल तर तो १/१२० वगैरे काहीही पकडतो. म्हणून फोनचा मूळ कॅमेरा वापरू नका. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट आहे, त्यात फ्रेम, शटर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) सगळं कुलूप लावून ठेवता येतं. तुमच्या फोनवर चालतं का ते आधी बघा.

धोटा स्लो मोशनमध्ये घ्यायचा असेल तर १२० फ्रेमवर ट्यूबखाली लुकलुकेल. १०० फ्रेमचा पर्याय असेल तर १/१०० शटरवर तो घ्या. नसेल तर सकाळी छताच्या पारदर्शक पत्र्याखालचा माग निवडा आणि वरच्या ट्यूब बंद करा. उन्हाला लुकलुक नसते.

बाहेरचं गणित वेगळं. मेच्या उन्हात १/५० शटर ठेवलं की चित्र पांढरं फटक पडतं. बहुतेक फोनच्या लेन्सचं छिद्र कमी करता येत नाही. एफ १.८ ची लेन्स, आयएसओ ५०, शटर १/५० धरलं तर भर उन्हात साधारण सहा स्टॉप (दर स्टॉपला निम्मा) प्रकाश कमी करावा लागतो, म्हणजे एनडी ६४ हा उजेड कमी करणारा काळसर फिल्टर. फोनला चिमट्याने लागणारा बदलता एनडी मिळतो, पण शेवटच्या टोकापर्यंत फिरवला की चित्रावर फुलीसारखी काळी सावली येते. त्याच्या आधीच थांबा.

४के ला सेकंदाला ५० मेगाबिटने मिनिटाला ३७५ एमबी, तासाला साडेबावीस जीबी. १०० मेगाबिटला त्याच्या दुप्पट. फोनमध्ये किती जागा आहे ते यावरून ठरवा. १०८०मध्ये शूट केलं म्हणून कुणी फिल्म परत पाठवत नाही, आवाज वाईट असला तर पहिल्या मिनिटाला लोक उठतात.

कटपीस
२४ला काय हरकत आहे? सिनेमा २४चाच असतो.

फ्रेमपंचवीस
हरकत नाही, २४ वर १/५० शटर ठेवलं तरी पट्टे येत नाहीत. पण दोन फोन आहेत. एक २४ला आणि एक ३०ला राहिला की टाइमलाइनवर झटके येतात. २५ म्हटलं की दोन्ही मुद्दाम सेट करावे लागतात, त्यामुळे कुणी विसरत नाही. हे सौंदर्यशास्त्र नव्हे, शिस्त आहे.

उन्हाळकर
मे? विचार करा लेको. सोलापूरचा मे म्हणजे चाळिशीच्या वर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य इथे जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो, साडेबाराच्या जरा आधी. डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाखाली सावली. त्या वेळी बाहेर क्लोजअप घ्यायचाच नाही. बाहेरचं काम सकाळी सव्वासहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते पावणेसात. दुपारी घरातले प्रसंग, खिडकीला पांढरं सुती कापड लावून. समोरून थर्माकोलचा पांढरा पत्रा धरला की सावलीची बाजू उचलली जाते.

फोन तापून बंद पडतो ते याच दिवसांत. विमान मोड, स्क्रीनचा उजेड अर्धा, कव्हर काढा, चार्जिंग लावून रेकॉर्डिंग करू नका, दोन टेकच्या मध्ये ओल्या नव्हे तर कोरड्या पांढऱ्या फडक्याखाली सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये तर अजिबात नाही, बाहेर काढला की आत दव धरतं.

पंखा बंद करून पत्र्याच्या घरात शूट म्हणजे नटाच्या कपाळाला दोन मिनिटांत घाम. एका टेकमध्ये कोरडा, पुढच्यात निथळलेला असं जोडता येत नाही. टेक झाला की पंखा, टिपकागद, पुन्हा बंद. त्यातच दहा-दहा मिनिटं जातात, वेळापत्रकात धरा.

पार्कचौक
याला जोडून, मेऐवजी जानेवारी घ्यावा असं कुणाला वाटलं तर : हवा छान, पण मकरसंक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वर यात्रा असते. होम मैदानावर गड्डा (यात्रेची जत्रा) भरतो, लाउडस्पीकर असतात, शहरात थेट आवाजावर संवाद घेणं विसरा. यात्रेची दृश्यं मात्र हवी असतील तर तीच वेळ. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत पांढरी बाराबंदी (बंदांचा अंगरखा) घातलेली शेकडो माणसं असतात. ऑटो एक्स्पोजर चेहऱ्यावर गेलं की सगळी बाराबंदी जळून सपाट पांढरी होते. कापडाच्या चुण्या दिसतील इतकं एक्स्पोजर खाली ठेवा, चेहरे नंतर उचलता येतात.

आणि कुणीतरी ड्रोन काढेलच. होटगी रोडचा विमानतळ जवळ आहे. शहराचा बराच भाग त्याच्या आठ किलोमीटरच्या आत येतो, तिथे परवानगीशिवाय उडवता येत नाही. गच्चीवरून घ्या.

अक्का_साखरपेठ
कुणी भाषेबद्दल बोललं नाही. माग चालवणारा बाप पद्मशाली घरातला दाखवणार असाल तर घरात तेलुगू असेल, बाहेर मराठी, शेडमध्ये दोन्हींची खिचडी, मधूनच हिंदी. सगळ्यांच्या तोंडी पुण्याची पुस्तकी मराठी घातली की सोलापूर गेलं. पण मग ‘का बे’, ‘लई’ प्रत्येक वाक्यात शिंपडणं हाही उपाय नाही, ते नाटकी होतं. संवाद लिहून झाले की त्या घरातल्या एखाद्या अक्कांना मोठ्याने वाचायला द्या. जिथे त्या अडखळतील किंवा हसतील ती ओळ बदला.

बापलेकीत ‘मला तुमच्याशी बोलायचंय’ असं कुणी म्हणत नाही. मुलगी डबा पुढे ठेवते आणि फॉर्मची शेवटची तारीख सांगते. बाप विचारतो, फी किती?

जुळेकर
अक्का, शेवटची ओळ घेतली. परवानगी आहे ना?

अक्का_साखरपेठ
घे की.

कटपीस
संकलनाचं. फोन उजेड कमी झाला की फ्रेम आपोआप कमी-जास्त करतो. असं फुटेज टाइमलाइनवर टाकलं की दोन मिनिटांनंतर ओठ आणि आवाज वेगळे पडतात आणि सगळे माइकवाल्याला शिव्या देतात. आधी सगळ्या फाइली हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ फ्रेमवर काढून घ्या, मग संकलन. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती तुम्हाला पुरून उरते. लॅपटॉप अडखळत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे संकलनापुरत्या हलक्या प्रती, बनवा.

आवाज वेगळा रेकॉर्ड करणार असाल तर प्रत्येक टेकला टाळी. पाटी नसली तर वहीवर प्रसंग-शॉट-टेक लिहून कॅमेऱ्यासमोर धरा, मोठ्याने वाचा, टाळी वाजवा. ‘३-५-२’ असं. पुढे दोनशे फाइलींत हेच शोधायचं असतं.

रोज संध्याकाळी सगळं दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरी. दुसऱ्या डिस्कवरून एखादी फाइल उघडून बघितल्याशिवाय फोन रिकामा करायचा नाही. ही जबाबदारी एकाच माणसाची, नाव लिहून. ‘आपण सगळे बघू’ म्हणजे कुणीच बघत नाही.

चित्राची लांबी पक्की झाल्यावरच पार्श्वसंगीत आणि आवाजाचं काम काढा. तीन सेकंद मागून कापले तर पुढचं सगळं सरकतं. सात जणांच्या टीममध्ये पक्की लांबी कधीच होत नाही, म्हणून तारीख ठरवून मतदान बंद करा.

फ्रेमपंचवीस
भाड्याच्या कॅमेऱ्याचं राहिलंच. तुमच्यापैकी कुणी तो आधी नीट हाताळलेला नसेल तर घेऊ नका. त्या पैशांत एक बरा माइक, एनडी आणि एक मोठी डिस्क येते.

कानसेन
+१. आणि सिनेमाचं गाणं वापरू नका. घराच्या मागे कुठेतरी गाणं वाजत असतानाचा टेकही घेऊ नका. ते गाणं आवाजातून पूर्ण स्वच्छ वेगळं काढणं अवघड, यूट्यूबवर हक्काचा दावा लागतो आणि महोत्सवाचा फॉर्म भरताना संगीताचे हक्क कुणाकडे हा रकाना असतोच. वर्गात कुणी पेटी-तबला वाजवणारं असेल तर त्याच्याकडून दोन मिनिटं वाजवून घ्या, सही घ्या.

जुळेकर
तेलुगू ओळींना मराठी सबटायटल द्यायची आहेत. करून बघितलं तर जोडाक्षरं फुटतात, ‘पुण्याला’चा ‘ण्या’ वेगळा पडतो.

कटपीस
काही सॉफ्टवेअरच्या टायटल टूलला देवनागरी जुळवता येत नाही, फाँट बदलूनही उपयोग होत नाही. दोन मार्ग आहेत. यूट्यूबसाठी एसआरटी फाइल (सबटायटलची साधी मजकूर-फाइल) यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये सेव्ह करून वेगळी चढवा, तिथे अक्षरं नीट येतात. पडद्यासाठी प्रत्येक ओळ इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पारदर्शक पीएनजी काढा आणि चित्रावर ठेवा. तेलुगू ओळी किती आहेत?

जुळेकर
अकरा.

कटपीस
मग पीएनजीच करा, तासाभराचं काम आहे. पांढरी अक्षरं, बारीक काळी कड, एका वेळी दोनच ओळी. शेडच्या शॉटवर सूत पांढरं असतं, तिथे कड थोडी जाड ठेवा.